मदत हवी आहे: चिनी आजी-आजोबांना मधुमेहाचं पथ्य कसं समजवावं?

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नला बॉक्स हिल भागात आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक चिनी. नातवंडं सांभाळायला मुलांकडे आलेले आणि मग इथलेच झालेले आजी-आजोबा. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग किंवा अमेरिकेत चिनी रुग्णांबरोबर कुणी काम केलं असेल, तर तुमचा अनुभव हवा आहे.

आमच्याकडे मँडरिनमधलं माहितीपत्रक आहे. भाषा चोख आहे असं दुभाषी बाई सांगतात, पण आत सगळं होलमील ब्रेड, ओट्स आणि लो-फॅट चीज. वाचणाऱ्या आजी सकाळी कंजी खातात. म्हणजे आपली पेजच, शितं पार विरघळेपर्यंत शिजवलेली, म्हणून साखरही झपकन चढवणारी. पत्रकात तिचं नावच नाही. आणि नुसतं "पेज बंद करा" कसं म्हणू? आजारपणात, म्हातारपणी पोटाला आधार तिचाच. कोकणातल्या माझ्या आजीला मी हे सांगू शकले नसते.

गेल्या महिन्यातली गोष्ट मनातून जात नाही. 71 वर्षांच्या एक आजी आल्या. दोनदा दुपारी घाम फुटून हातपाय थरथरले होते, एकदा साखर 3.1 भरली, आपल्याकडच्या मोजणीत 56, म्हणजे फारच खाली. ग्लिक्लाझाइड ही मधुमेहाची गोळी चालू होती, पण डोस जुनाच. "आणखी कुठलं औषध घेता?" "नाही." मुलगाही नाहीच म्हणाला. दुभाषी बाईंनी प्रश्न फिरवला, "गावाकडून कोणी काही पाठवतं का?" तेव्हा आजींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. ग्वांगझौच्या बहिणीने पाठवलेल्या शाओ-ख गोळ्या. झाडपाल्याच्या म्हणून घेतात, पण दर गोळीत 0.25 मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइडही असतं, आणि एका वेळी पाच ते दहा गोळ्या घ्यायच्या असतात. म्हणजे साखर उतरवणारी एकाच जातीची दोन औषधं पोटात! त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं, हे नव्हेच. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं, पण तेव्हापासून प्रत्येक आजी-आजोबांकडे बघताना वाटतं, यांच्या पिशवीत काय असेल?

काही गोष्टी जमल्या, त्या सांगते. त्यांच्यात म्हण आहे, जेवून शंभर पावलं चाला, नव्व्याण्णव वर्षं जगा. ही तर आपली शतपावली! ते सांगितलं तशी एक आजोबा उठून माझ्याशी हात मिळवून गेले. भाताबद्दल "कमी करा" म्हणायचं सोडलं. घरचा वाडगा आणायला सांगते आणि त्यातच किती भरायचा ते दाखवते. ताटं मधे ठेवून सगळे वाटून खातात, तेव्हा पालेभाजी, टोफू, मासे आधी आणि भात शेवटी, एवढं बसवलं की घरातलं कुणी दुखावत नाही.

अडकले आहे ते पुढे. त्यांचा शब्द तांग-न्याव-पिंग, म्हणजे 'साखर-लघवीचा रोग'. आपला मधुमेहही अर्थाने तोच. पण शब्दातच साखर असल्यामुळे "मी तर गोड खातच नाही" हे रोज ऐकते. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असं मनात पक्कं बसलंय. डॉक्टरांनी सुचवलं की पुढच्या भेटीला माणूस येतच नाही. उष्ण-थंडाचं त्यांचं गणित आपल्यासारखंच, तपशील वेगळे. ते खोडून न काढता त्याच्या आधारानेच बोलावं का? आणि मुलगा किंवा सून आजींच्या वतीने उत्तरं देऊ लागली, तर आजींना बोलतं कसं करता? मुलाला बाहेर बसवायला मला धीर होत नाही, त्यांना तो अपमान वाटेल अशी भीती.

त्यांचा मध्य-शरद पौर्णिमेचा सण (आपली कोजागिरी नव्हे) बहुधा आपल्या अनंत चतुर्दशीच्या आसपास येतो. मूनकेक तेव्हा घरोघरी वाटतात, कमळबियांचा गोड गर आणि मधे खारवलेल्या अंड्याचा बलक. एक केक चार-आठ जणांत कापून खायची रीत आहे, तीच पुढे करावी असं वाटतंय. सणाच्या आधीच्या शनिवारी पंधरा जणांचं सत्र ठेवलंय. वाडगे आणि मूनकेक समोर ठेवून बोलणार आहे. इन्सुलिनचा विषय त्याच सत्रात काढू की आधी एकेकाशी बोलू? कुणी असं सत्र घेतलं असेल तर सुरुवात कुठून केलीत, तेवढं जरूर लिहा.