मदत हवी आहे : हिमगौरीची गोष्ट, पण राणीच्या तोंडून

मंडळी, एका एकपात्रीसाठी हिमगौरीची गोष्ट दुष्ट राणीच्या तोंडून लिहितेय आणि मधेच अडकलेय.

जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही राणी सावत्र नाही, सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. मला सख्खीच हवीय. आरसा पहिल्यांदा हिमगौरीला जास्त सुंदर ठरवतो तेव्हा पोर अवघी सात वर्षांची असते! पोटच्या पोरीवर जळणारी बाई आतून कशी बोलत असेल? (सावत्र म्हटलं की आपण विचार करायचंच सोडतो.)

घोडं अडलंय ते आरशापाशी. राणी स्वतःची बाजू मांडणार, म्हणजे थोडं लपवणार, थोडं फिरवून सांगणार. पण आरसा तर खोटं बोलत नाही. तो रंगमंचावर असला की तिची प्रत्येक थाप तिथल्या तिथे उघडी पडते. त्याला काढूनच टाकू, की समोर ठेवून गप्प बसवू?

शिवाय शेवट. हिमगौरीच्या लग्नात तापलेले लोखंडी जोडे घालून राणी मरेपर्यंत नाचते. मग ही हकिगत ती सांगतेय कधी? नाचता नाचताच सांगितली तर? कल्पना भारी वाटते, पण पंधरा मिनिटं नटीला झेपेल का?

आणि हो, नाडी, फणी, सफरचंद असे हिमगौरीला मारायचे तिन्ही प्रयत्न घेऊ की सफरचंद पुरे? एकपात्री केलेल्यांनी जरूर सांगा. संहिता रविवारपर्यंत द्यायचीय.