मदत हवी आहे: जुनी गाडी मोडीत काढणं परवडतं का?

मंडळी, आमच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लाय, इंजिन मात्र ठणठणीत. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या खाजगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत. पण रत्नागिरीहून गाडी तिथवर नेण्याचं भाडं वजा जाता हाती काय उरतं?

दुसरी काळजी मोठी आहे. अमेरिकेने २००९ मध्ये अशा योजनेवर सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चले. नव्या गाड्यांची बरीचशी विक्री नुसती काही महिने अलीकडे सरकली आणि चालती इंजिनं कायमची निकामी केली गेली. इथे स्वस्त जुन्या गाड्या आटल्या तर त्यांवर मासळी-आंबा विकणाऱ्यांनी काय करायचं? चिपळूण, कुडाळकडे कुणी गाडी दिली असेल तर खरे आकडे सांगा.