मदत हवी आहे: निरसं दूध प्यावं का, आणि धान्य बंद करावं का?

ताकभात
घरी रोज २ लिटर गाईचं दूध गोठ्यावरून येतं. सकाळी ६ ला धार निघते, घरी पोचायला ८ वाजतात. स्टीलची किटली, बर्फ वगैरे काही नाही. एका आहारगटाचा सल्ला असा की दूध निरसंच प्यावं, उकळलं की त्यातली एन्झाइमं आणि कॅल्शियम जातं. शिवाय गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी सगळं बंद करावं, कारण त्यातलं फायटेट लोह शोषू देत नाही.

खाणारे चौघं: चाळिशीतले दोघं, ६ वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांची आई. आईला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मोठ्या माणसाचं दिवसाचं धान्य कोरडं मोजून: पोहे ६० ग्रॅम, ३ पोळ्यांची कणीक ९०, तांदूळ ६०, रात्री २ भाकऱ्यांचं पीठ १२०.

विचारायचं ते एवढंच: गोठा स्वच्छ आणि गाय निरोगी असेल तर निरसं दूध चालेल का? आणि धान्य सोडायचं की नाही?

कासंडी
दुधापुरतं उत्तर: नाही. मुलाला आणि आईला तर अजिबात नाही.

गाय ठणठणीत दिसते, हा निकष इथे कामाचा नाही. ब्रुसेला या जंतूची लागण झालेली गाय चरते, रवंथ करते, दूधही देते. बहुतेक वेळा गाभण काळाच्या शेवटी एकदा गाभडते, एवढीच खूण. पुढच्या वेताला वासरू नीट होतं आणि सगळे विसरतात, पण कासेतून जंतू दुधात उतरतच राहतात. माणसाला चढउतार होणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणं. हे दूध प्यायल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुरू होतं, म्हणून दुधावर कोणाचा संशयच जात नाही. औषधं निदान ६ आठवडे, तीही दोन प्रतिजैविकं एकत्र.

दुसरा भाग शेणाचा. सडाला चिकटलेला शेणाचा एक कण धारेबरोबर कासंडीत गेला की ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांपैकी काहीही येऊ शकतं. फडक्याने गाळलं की काडी-कचरा अडतो, जंतू नाही. उलट ते फडकं रोज उकळून उन्हात वाळवलं नाही तर तेच विरजणासारखं काम करतं. तुमच्याकडे तर दूध दोन तास उबदार किटलीत असतं. अशा तापमानाला बरेच जंतू २०-३० मिनिटांत दुप्पट होतात.

गोठेवाल्यांना हे मात्र विचाराच: कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचली का (२०१९ पासून ती केंद्राच्या लसीकरण कार्यक्रमात आहे), कोणती गाय गाभडली होती का, आणि दगडीसाठी (कास सुजण्याच्या रोगासाठी) कासेत औषधाची ट्यूब सोडली तर किती दिवसांचं दूध बाजूला काढतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रतिजैविकाचा अंश दूध उकळून जात नाही. बुरशी लागलेली सरकी किंवा शेंगदाणा पेंड खाऊ घातली तर दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही उकळून जात नाही. पेंडीचं पोतं एकदा स्वतः हुंगून बघा.

सायीचा_गोळा
एन्झाइमांबद्दल. दुधातली साखर पचवायला लॅक्टेज लागतं आणि ते गाईच्या दुधात नसतंच, निरशातही नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली दूध न पचणाऱ्या १६ जणांना निरसं आणि पाश्चराइज्ड दूध आलटून पालटून देऊन पाहिलं. निरशाने त्रास कमी झाला नाही. कॅल्शियम हे खनिज आहे, उकळून कुठे जाणार? भांड्याच्या तळाला थोडं चिकटतं इतकंच. ब१, ब१२, फोलेट थोडं घटतं, क जीवनसत्त्व बरंच, पण दुधात ते असतंच किती!

डेअरीत जंतू मारायला ७२ अंशांना १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटं पुरतात. घरी उकळणं त्याहून कडक आहे, फक्त नीट करायला हवं:

जाड बुडाचं पातेलं घ्या, आधी पाण्याने विसळून ओलंच ठेवा, म्हणजे दूध तळाला कमी धरतं. मध्यम आच. साय धरायला लागली की दर मिनिटाला डाव तळापर्यंत नेऊन हलवा. मोठ्या आचेवर सायीखाली वाफ कोंडते आणि दूध उतू जाऊ लागतं, तेव्हा कडेचं दूध उकळलेलं असतं पण मधलं नसेलही. म्हणून पहिल्या उसळीला गॅस बंद करू नका. बारीक करा, आणि २ मिनिटं ढवळत उकळू द्या. मग जाळीचं झाकण ठेवून पातेलं गार पाण्याच्या परातीत, पाणी एकदा बदला. अर्ध्या-पाऊण तासात फ्रिजमध्ये जायला हवं. दिवसभर ओट्यावर ठेवून चार वेळा उकळणं हे सगळ्यात वाईट: जीवनसत्त्वं तेव्हाच जातात, आणि उकळीतून वाचलेले काही बीजाणू मधल्या वेळात रुजतात.

अजून दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. कालचं उरलेलं उकळलेलं दूध आजच्या निरशात ओतणं, आणि निरसं दूध ज्या गाळण्यातून ओतलं तेच उकळलेल्याला वापरणं.

उकळताना दूध फाटलं तर पातेल्याला दोष देऊ नका. ते आंबायला लागलेलं होतं, नाहीतर त्यात दगडीच्या गाईचं दूध किंवा चीक मिसळला होता. सतत फाटत असेल तर गोठेवाल्यांना सांगा. ‘आम्ही बघतो’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून फाटणं एकदम थांबलं, तर आंबटपणा झाकायला सोडा टाकत नाहीत ना, हेही पाहा.

उंबराचं_झाड
दुसरी बाजू मांडतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण भागातल्या मुलांत निरसं दूध पिणाऱ्यांना दमा कमी आढळला, असा २०११ चा मोठा अभ्यास आहे. आणि आपल्याकडे धारोष्ण दूध अमृतासारखं म्हटलंय, ते उगाच का?

कासंडी
अभ्यास खरा आहे. पण तो तुलना करणारा होता, मुलांना दूध पाजून बघितलेलं नव्हतं. आणि जंतूंच्या धोक्यामुळे निरसं दूध प्या असं सांगता येणार नाही, हे त्या संशोधकांनीच लिहिलं. आयुर्वेदाचार्य वाग्भटांचा धारोष्ण दुधाचा श्लोकही अर्धाच सांगितला जातो. त्यातच कच्चं दूध अभिष्यंदी (शरीरातले मार्ग अडवणारं) आणि जड, तर बेताने उकळलेलं तसं नाही, असं आहे. धारोष्ण म्हणजे आचळाच्या उबेचं, तिथल्या तिथे प्यायलेलं. ८ वाजता दारात आलेलं किटलीतलं दूध कोणत्याच अर्थाने धारोष्ण नाही. आणि ब्रुसेला तर ताज्या धारेतही असतो.

पायलीभर
आता धान्य. दूध उकळायचं की नाही, याला हो-नाही उत्तर आहे. धान्याला तसं नाही. तिथे प्रश्न किती आणि कशाबरोबर एवढाच आहे.

तुमची बेरीज ३३० ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, दूध-दही ३०० मिली असं माप आहे. म्हणजे ८० ग्रॅम कमी करायचंय, ३३० नाही. पोहे ४० (उरलेली जागा मटकीच्या उसळीला), २ पोळ्या म्हणजे ६०, तांदूळ ५०, रात्री दीड भाकरी म्हणजे ९०. झाले २४०. बहुतेक घरांत धान्य जास्त आणि डाळ कमी हाच खरा घोळ असतो, त्यामुळे ८५ ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं एकदा वजन करून बघा. वाटीत दिसतात त्याहून बरीच जास्त असतात.

फायटेट असतं, आणि त्याच जेवणातलं लोह, जस्त ते अडवतं, हेही खरं. पण उपाय साधे आहेत. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा कोबीची कोशिंबीर घ्या, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. जेवणानंतर तासभर चहा नको. आंबवलं की फायटेट घटतं: नाचणीच्या पिठात ताक घालून रात्रभर ठेवलेली आंबील, इडली, आंबोळी. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, गाईच्या दुधात १२० च्या आसपास. धान्य बंद करून हे कुठून भरून काढणार?

मुलासाठी नाचणी सत्त्व घरी करा. नाचणी ३-४ पाण्यांनी धुऊन १२ तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात २४ ते ३६ तास. मोड पाव इंचापर्यंत पुरे. सावलीत कडकडीत वाळवा, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, दळा, वस्त्रगाळ करा. फडक्याला आंबट किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्या. पावसाळ्यात हे हटकून होतं.

ज्वारीला मात्र असे मोड आणू नका. तिच्या कोंबात धुरिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. जनावरांना कोवळी ज्वारी चारत नाहीत ती याचसाठी.

बाजरीचं पीठ ४-५ दिवसांपुरतंच दळा. तिच्यात तेल जास्त, दळल्यावर ते खवट होतं आणि भाकरी कडू लागते. जुन्या ज्वारीच्या पिठाला विरी राहत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात. तेव्हा टाकून देऊ नका, उकड काढून मळा.

ताकभात
खूप मदत झाली. दोन शंका: निरशा दुधाचं दही चालतं का? आणि आईची भाकरी आजपासूनच कमी करू का?

सायीचा_गोळा
दह्याच्या आंबटपणावर ब्रुसेलासाठी विसंबू नका. ताज्या निरशा चीजमध्येही तो बराच काळ टिकतो. शिवाय निरशा दुधात आधीचेच जंतू विरजणाशी भांडतात, दही तार धरतं नाहीतर पाणी सोडतं. उकळून ४० ते ४३ अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे करंगळी दहा सेकंद सुखाने ठेवता येईल इतकं. अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा विरजण. निरशा सायीचं लोणी नको. कढवलेलं तूप चालेल. चीक मिळाला तर कच्चा चाखायचा नाही. खरवसाचा डबा झाकून २०-२५ मिनिटं वाफवा आणि मधोमध सुरी घालून बघा. कडेला घट्ट आणि मध्ये पातळ असेल तर अजून ५-७ मिनिटं.

पायलीभर
आईचं धान्य आधी कमी करून मग डॉक्टरांना सांगायचं नाही. क्रम उलटा ठेवा. ग्लिमेपिराइड जेवण झालं असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावतं. भाकरी कमी केली आणि गोळी तीच राहिली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. तसं झालंच तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मात्र शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात. नवीन डोस ठरल्यावर पहिले ८ दिवस उपाशी आणि जेवणानंतर २ तासांनी साखर मोजून वहीत लिहा, शेजारी त्या जेवणातल्या भाकऱ्या किती तेही.

आणि गव्हाने पोट बिघडतं असा घरात कोणाला संशय असेल, तर आधी टीटीजीची (गव्हामुळे होणारा आतड्याचा आजार ओळखणारी) रक्ततपासणी करा, मग गहू बंद करा. आधीच बंद केला तर सीलिअ‍ॅक हा आजार असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. निदान झालंच तर ज्वारी घरच्या घरघंटीवर दळा. सार्वजनिक गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात राहिलेला असतो आणि सुरुवातीच्या पिठात तो मिसळलेला निघतो.