मदत हवी आहे: नर्मदेतल्या हाडावरच्या रेघा कशाच्या?

मंडळी, इंदूरहून लिहितेय. आजोबांच्या ट्रंकेत दगड झालेलं हाड सापडलं. चिठ्ठीवर फक्त 'नर्मदा, हथनोरा'. (नर्मदाकाठच्या याच गावात १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना मानवी कवटीचं जीवाश्म मिळालं, त्यामुळे घरात लगेच 'आदिमानवाने सोललेलं जनावर' ठरलं!) मला एवढी घाई नाही. नागमोडी खाचा झाडांच्या मुळांच्या असाव्यात, कडा नदीने घासून गुळगुळीत केल्यात. पण मधे तीन सरळ, समांतर रेघा आहेत. भिंगातून तळ 'व्ही'सारखा निमुळता दिसतो आणि रंग बाकी हाडासारखाच काळपट, म्हणजे ट्रंकेतले ताजे ओरखडे नव्हेत. दगडी हत्याराची धार, की वाळूत जनावरांनी तुडवल्याच्या खुणा? कसं ओळखायचं? फोटोसाठी उजेड तिरपा टाकू का? आई घासणी घेऊन निघालीच होती, कशीबशी थांबवलीय.