कोलॅजन कोटिंगवर पेशी टिकत नाहीत

कपाशी: आमचं कॉलेज आर्वीकडचं. मे महिना, लाईट केव्हा जाईल नेम नाही. पेशी चिकटाव्यात म्हणून उंदराच्या शेपटीचं टाइप १ कोलॅजन हे प्रथिन (स्टॉक, म्हणजे मूळ द्रावण, ३ मिग्रॅ/मिली) पीबीएसमध्ये (मिठाचं न्यूट्रल बफर द्रावण) पातळ करून सिक्स वेल प्लेटला (सहा खळग्यांची पेशी वाढवायची थाळी) लावतो. तळाशी पांढरे धागे दिसतात, अन् दुसऱ्या दिवशी पेशी चादरीसारख्या सुटतात. काय चुकतंय?

पेट्रीडिश: भाऊ, पीबीएसच नडलं! स्टॉक आम्लात विरघळलेला असतो, पीबीएसने ते आम्ल मरतं. न्यूट्रल कोलॅजन उन्हाळ्यातल्या खोलीत लगेच जेल होतं. तेच तुमचे धागे. ०.०२ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये पातळ करा: १०० मिली पाण्यात ग्लेशियल (म्हणजे शुद्ध) ॲसेटिक ॲसिड ११५ मायक्रोलिटर, गाळून. त्याच्या २० मिलीत स्टॉक ३३३ मायक्रोलिटर, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम/मिली. वेलला १ मिली, तास भर. मग पीबीएसने तीनदा धुवा. आम्ल राहिलं तर मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) पिवळं पडतं.

कपाशी: स्टॉक फ्रीझरमध्ये ठेवलेला चालेल ना जी?

मायक्रोन: नाही चालत. गोठला की रेणू बिघडतात. २ ते ८ अंशांतच ठेवा; लाईट गेली तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ, पण बाटली बर्फाला थेट टेकवू नका. अन् कोट केलेली प्लेट जंतू मारायला यूव्हीखाली तासन्‌तास ठेवू नका, कोलॅजन तुटतं.