रिमांडच्या दिवशी कोण उभं राहणार?

अटक झाल्यावर वकील कुठला धरावा या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की तालुक्याचे वकील पोलिसांशी संबंध बिघडवत नाहीत, म्हणून थेट पुण्या-मुंबईचा गाठावा. खटला चालवायला ठीक आहे, पण पहिल्या २४ तासांत हा सल्ला उपयोगी पडत नाही. माझ्या मावसभावाला मारामारीच्या गुन्ह्यात शनिवारी रात्री उचललं आणि रविवारी दुपारी सुट्टीच्या कोर्टात रिमांडसाठी (म्हणजे कोठडीत ठेवायचं का, कुठल्या, ते ठरवायला) उभं केलं. पुण्याचे वकीलसाहेब म्हणाले, सोमवारी येतो. (फीचा आकडा मात्र रविवारीच सांगितला.)

तेव्हा कामी आला तो विधी सेवा प्राधिकरणाकडून रिमांडसाठी आलेला वकील. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसंच. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. त्या तरुण वकिलाने पोलीस कोठडीची गरजच काय, हत्यार जप्त झालंय, एवढंच नेटाने मांडलं आणि एमसीआर (पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी) मिळाली. जामिनाचा अर्ज त्यामुळेच लगेच टाकता आला.

नंतर खासगी वकील लावलाच. पण तोही त्याच कोर्टात रोज उभा राहणारा. शोधायला आम्ही शनिवार-रविवार सोडून एक अख्खी सकाळ कोर्टात मागच्या बाकावर बसून काढली, कोण स्वतः बोलतो आणि कोण ज्युनिअरला पाठवून तारीख घेतो ते दिसतंच. वकीलपत्रावर सही मात्र घाईत करू नका, पुढे वकील बदलायचा तर आधीच्याची ना-हरकत मागतात.