रिटायरमेंटनंतर पुन्हा जलरंग: तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये बँकेतून रिटायर झालो. माळा आवरताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं सर्टिफिकेट सापडलं, १९७९, बी ग्रेड, आणि त्याच पिशवीत वाळून दगड झालेल्या ट्यूबा. टाकूनच देणार होतो, पण एक ब्लेडने उभी चिरली, आतली कांडी वाटीत ठेवून पाणी सोडलं तर थोड्या वेळाने रंग सुटायला लागला की! जलरंगात डिंक असतो, तो पाण्यात परत विरघळतो. हात मात्र अजून रुसलेला, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, द्यायला घेतला की पट्टे पडतात. तुमचं कसं काय चाललंय? फोटो नाही टाकलात तरी चालेल.

---

काका, हाताला कशाला बोल लावता, कागद कुठला घेतलाय? मी दोन महिने कार्ट्रिज पेपरवर रडले, पाणी पडलं की फुगतो नि मधे तळी साचतात. मग सुनेने ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन पेपर आणला तर तो वापरायचा धीर होईना, पाठकोऱ्या कागदांवर हिशोब लिहिण्यात जन्म गेला आमचा. शेवटी एकाचे चार तुकडे केले, दोन्ही बाजूंनी रंगवते. आणि बोर्ड तिरका ठेवा, खाली उशी घाला, रंगाचा ओघळ ब्रशने खाली खाली उतरवत न्यायचा.

---

आमच्या रत्नागिरीत पावसात कागद वाळतच नाही हो. झाडांचा हिरवा लावला, जेवण झालं, भांडी झाली तरी ओलाच, घाईने फांदी काढायला गेले तर तिथे रंग पसरून फ्लॉवरचा गड्डा उमलला. आता लेकीचा हेअर ड्रायर माझ्याकडेच असतो. मागच्या पावसात कपाटातल्या पॅडला बुरशी आली, त्यावर रंग टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्याने शोषला जातो.

---

माझी वेगळीच गंमत. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजवा बाकी होता. घरी येऊन आधीचं चित्र बघतो तर आकाश म्हणजे नीळ सांडल्यासारखं! एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. मोतीबिंदूत भिंग पिवळट होतं, निळा अडवतं, म्हणून मी आपला अल्ट्रामरीनवर अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, ओतत होतो. बायको तेव्हाच म्हणाली होती, जरा जास्त झालंय. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही १९२३ मध्ये हेच ऑपरेशन झालं होतं, आमच्या दोघांत सारखं तेवढंच.

---

वाईजवळ मेणवलीला गेलो होतो, ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आणि घाट काढायला. मागे उभं राहून एक पोरगा म्हणतो, आजोबा पाणी पांढरंच राहिलंय, विसरलात. चमक हवी तिथे कागद कोरा सोडायचा असतो हे त्याला समजावेपर्यंत सावली तीन पायऱ्या सरकली.

---

माझा हात थरथरतो. झाडं झकास येतात, विजेचे खांब जमत नाहीत. म्हणून सध्या खांब गाळतो.

---

ताई, उशी घालून बघितली, पट्टे गेले! पण सगळा रंग खालच्या कडेला साचला आणि उशीही निळी झाली. घरात अजून कोणाला कळलेलं नाही. तो साचलेला रंग कसा टिपता तुम्ही?